जुगाराची मराठी परिभाषा

द्यूत, सोंगट्या, पत्ते, घोड्यांच्या शर्यती आणि आकडे यांच्या खेळांतून मराठीत आलेल्या शब्दांचा हा समूह. त्यांतले बरेचसे शब्द आज खेळाबाहेरच अधिक वापरले जातात, त्यामुळे मूळ अर्थ विसरतो आणि दिसायला सारख्या शब्दांशी गल्लत होते.

फासा आणि फास ही जोडी सर्वांत जास्त चुकते. फासा म्हणजे खेळताना टाकायचा ठोकळा, संस्कृतातला ‘पाशक’. फास म्हणजे दोरीचा सरकता वळसा. ‘फाशी’ त्यातूनच आली. म्हणून फासे उलटे पडतात आणि फास आवळला जातो. ‘गळ्याभोवती फासा’ असे लिहिणे चूक. फासेपारधी या नावात फास आहे, म्हणजे शिकार पकडायचे पाश. त्यावरून या जमातीचा जुगाराशी संबंध जोडणे भाषिक चूक तर आहेच, शिवाय अन्यायही आहे.

‘पण’ हे दोन वेगळे शब्द आहेत. उभयान्वयी ‘पण’ संस्कृत ‘पुनः’पासून आला. ‘पणाला लावणे’ यातला पण म्हणजे डावावर ठेवलेली वस्तू किंवा रक्कम. ‘पण्य’ (विक्रीचा माल) त्याच कुळातला. पैज मात्र या घरची नाही. ‘प्रतिज्ञा’ या शब्दाच्या प्राकृत रूपातून ती आली, म्हणूनच ‘पैजेचा विडा उचलणे’ यात निर्धाराची छटा शिल्लक आहे.

वैदिक द्यूतात बेहड्याची फळे फासे म्हणून वापरत, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले अक्षसूक्त (10.34) हारलेल्या जुगाऱ्याचा विलाप सांगते. कृत, त्रेता, द्वापर आणि कलि ही मुळात दानांची, म्हणजे एका फेकीत पडणाऱ्या संख्यांची नावे, चार, तीन, दोन आणि एक अशा उतरत्या क्रमाने. तीच पुढे युगांना मिळाली. कलियुगातला ‘कलि’ म्हणजे हरणारे दान. काली देवीशी त्याचा संबंध नाही, आणि ‘कालीयुग’ हे लेखन अशुद्ध आहे.

सोंगट्यांच्या खेळात एका फेकीत येणाऱ्या संख्येला ‘दान’ म्हणतात. ‘मनासारखे दान पडले’ म्हणताना कोणी कोणाला काही दिलेले नसते. चौसराच्या लांबट फाशांवर एक, दोन, पाच आणि सहा हे अंक असतात. तीन फाशांवर सहा, सहा आणि एक पडले की ते ‘पौ बारा’, म्हणजे बारावर एक. हिंदीत ‘पौ बारह’ म्हणजे चांदी होणे. मराठीत मात्र ‘पोबारा करणे’ म्हणजे पळ काढणे. शब्द एकच, अर्थ दोन. हिंदीतून भाषांतर करताना येथे हमखास घसरायला होते.

जुगार, सट्टा आणि मटका हे समानार्थी नाहीत. जुगार हा व्यापक शब्द. सट्टा भावाच्या चढउतारावर लावतात, मटका आकड्यावर. मटक्याची परिभाषा मात्र सट्ट्यातूनच आली. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडताना व बंद होतानाचे भाव मुंबईत तारेने येत आणि त्यांवर पैसे लागत. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द त्याच भावांचे. 1961 मध्ये हे भाव मिळणे थांबले. मग 1962 मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीतून आणि 1964 मध्ये रतन खत्री यांनी स्वतंत्रपणे आकडे काढायला सुरुवात केली. चिठ्ठ्या मातीच्या मडक्यातून काढत, म्हणून मटका. पुढे मडके गेले आणि पत्ते आले, नाव राहिले.

तीन पत्ते काढायचे, बेरीज करायची आणि तिचा शेवटचा अंक घ्यायचा. 3, 5, 6 आले तर बेरीज 14, म्हणून ओपन 4. नंतरच्या फेरीत 2, 8, 8 आले तर बेरीज 18, म्हणून क्लोज 8. जोडी झाली 48. तिन्ही पत्त्यांचा गट म्हणजे पाना किंवा पत्ती. पाना चढत्या क्रमाने लिहितात, पण शून्य दहा धरून शेवटी येते: 3, 0, 5 यांचा पाना 350, ‘035’ नव्हे. एकूण पाने 220 होतात: तिन्ही अंक वेगळे असलेले 120, दोन सारखे असलेले 90 आणि तिन्ही सारखे असलेले 10. प्रत्येक आकड्याच्या वाट्याला 22 येतात. जोडी आणि दुहेरी पाना यांत नेहमी घोटाळा होतो: जोडी दोन फेऱ्यांच्या आकड्यांची, तर दुहेरी पाना एकाच फेरीतला, दोन अंक सारखे असलेला. दोन्ही फेऱ्यांचे पाने एकत्र लावणे म्हणजे संगम, आणि त्याच्या शक्यता 48,400.

एका आकड्याला रुपयामागे साधारण 9 आणि जोडीला 90 रुपये देत. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लागला तर चालवणाऱ्याकडे 10 जमतात आणि 9 जातात. खेळणारा दीर्घकाळात का हरतो, हे या एका रुपयात आहे. ‘गेल्या आठवड्यात आला नाही, आता येणारच’ हा हिशोबही खोटा, कारण प्रत्येक फेरीत पत्ते नव्याने काढतात.

‘पंटर’ हा इंग्रजीतला शब्द पैसे लावणाऱ्याचा. मुंबईत तो दादाच्या हाताखालच्या माणसासाठी रूढ झाला, आणि आता तिथे जुना अर्थ क्वचितच कोणाच्या मनात येतो. ‘बुकी’ पैजा नोंदवून घेतो. ‘बुक्की’ मुठीची असते. ‘जॅकपॉट’ पोकरमधला: गुलामांची जोडी किंवा त्याहून वरचे हात आल्याशिवाय डाव उघडता येत नसे, तोवर मधली रक्कम वाढत जाई.

‘सोडत’ हा शब्द जुगाराचा नव्हे. म्हाडाच्या घरांची सोडत म्हणजे अर्जदारांतून चिठ्ठीने केलेली निवड. महाराष्ट्र राज्य लॉटरी 1969 पासून चालते आणि तिच्याही निकालाला सोडतच म्हणतात, पण ती सरकारी व कायदेशीर. मटका मात्र महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक अधिनियम, 1887 (पूर्वीचे नाव मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियम) याखाली गुन्हा ठरतो. घोड्यांच्या शर्यतीवरील पैजेत कौशल्याचा भाग अधिक असतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये दिला. म्हणून बातमीत ‘रेसचा जुगार’ असे सरसकट लिहिणे कायद्याच्या दृष्टीने अचूक नाही.