ऊसतोडीला गेलेल्या बाईने कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज कुठे आणि कसा करायचा

"गाव कुठलं तुमचं? मग तिथल्या ठाण्यात जा." बीडकडून कोल्हापूर-सांगलीला ऊस तोडायला आलेली बाई नवऱ्याच्या माराची तक्रार घेऊन गेली, की हे ऐकावं लागू शकतं. गाव तीनशे किलोमीटरवर, हंगाम भरात, अंगावर मुकादमाची, म्हणजे मजूर आणणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ घेतलेली रक्कम). ती गुपचूप कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीवर, परतते. कायदा मात्र तिला परत पाठवत नाही.

कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ चं कलम २७ म्हणतं, की बाई कायमची किंवा तात्पुरती जिथे राहते, जिथे काम करते किंवा जिथे हिंसा घडली, यांपैकी कुठल्याही ठिकाणच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज चालतो. कोपी हाही तात्पुरता निवासच. तात्पुरत्या राहण्याच्या ठिकाणी अर्ज चालतो हे सर्वोच्च न्यायालयानेही २०२० मध्ये मान्य केलं आहे.

अर्ज बायकोच करू शकते असं नाही. एकाच घरात राहिलेली आई, बहीण, विधवा सून, लग्नासारख्या नात्यात राहिलेली बाईही करू शकते. लग्नाची नोंदणी झालेली नसली तरी अडत नाही.

सुरुवात या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यापासून करावी. जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात त्यांचं नाव-पत्ता मिळतो. ते नमुना १ मध्ये कौटुंबिक घटना अहवाल भरतात आणि त्याची प्रत दंडाधिकाऱ्याकडे व पोलीस ठाण्यात जाते. शेजारच्या कोपीतली बाई, आशाताई, शिक्षक, कोणीही खबर देऊ शकतं. खरेपणाने दिलेल्या खबरीबद्दल त्यांच्यावर कारवाई होत नाही. नंतर नमुना २ मध्ये अर्ज. बाई थेट न्यायालयातही जाऊ शकते. वकील तालुका विधी सेवा समितीकडून मोफत मिळतो, बाईचं उत्पन्न कितीही असो, फोन १५१००.

अर्जात काय झालं हे बहुतेक जणी सांगतात, काय हवं हे सांगायचं राहून जातं. मारहाणीला मनाई, मुलांचा ताबा, पोटगी, औषधाचा खर्च हे तर मागायचंच. ऊसतोडीत आणखी एक मेख असते: कोयता, म्हणजे तोडणीची जोडी, नवरा-बायको दोघांचा, पण उचल आणि हिशेब बहुधा नवऱ्याच्या नावावर. म्हणून बुडालेली मजुरी, दागिने, आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक परत मिळावं हे वेगळं लिहून मागावं. तारीख आठवत नसेल तर "दिवाळीनंतरच्या आठवड्यात, फडात" असं लिहिलं तरी चालतं. कोणी पाहिलं तेही लिहावं.

कागद नाहीत म्हणून थांबू नये. गावाकडचं आधार कार्ड चालतं. इथे राहतो हे दाखवायला ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र, दवाखान्याचा केसपेपर, मुलांची शाळेतली किंवा अंगणवाडीतली नोंद कामाला येते. लग्नासाठी पत्रिका, फोटो, रेशन कार्ड किंवा मुलांचे जन्मदाखले. सरकारी दवाखान्यात जखम कशी झाली ते खरं सांगावं. "पडले" असं एकदा केसपेपरवर लागलं, की पुढे ते खोडणं फार जड जातं.

पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, असा कायद्याचा प्रयत्न आहे. प्रत्यक्षात तारखा लांबतात आणि मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो. म्हणून पहिल्याच दिवशी नमुना ३ चं शपथपत्र जोडून अंतरिम आदेश, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा आदेश, मागावा.

गुन्हा नोंदवणं ही वेगळी वाट. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) खबर ठाण्याने घ्यायचीच आहे. यालाच झिरो एफआयआर म्हणतात, आणि त्याची प्रत मोफत मिळते. रात्रीच बाहेर पडावं लागलं तर ११२ (तातडीची मदत) किंवा १८१ (महिला हेल्पलाइन) लावावा. जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये साधारण पाच दिवस राहता येतं, वैद्यकीय आणि पोलिसी मदतही तिथूनच मिळते.

त्रास देणारा मुकादम किंवा ट्रॅक्टरवाला असेल तर हा कायदा लागत नाही. लैंगिक छळाची तक्रार २०१३ च्या कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, तीन महिन्यांच्या आत करायची. उचल फिटली नाही म्हणून कोणाला डांबून ठेवता येत नाही. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानेच बंद झाली आहे.

आदेशाची प्रत बाईला फुकट मिळते. तिच्या दोन-तीन झेरॉक्स काढून एक गावाकडच्या ठाण्यात पोच घेऊन द्यावी, कारण कोल्हापुरात झालेला आदेश बीडमध्येही तितकाच लागू असतो. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.