पार्श्वभूमी : मेंदूतला ‘करंट’ आणि ईईजीवरची लाट

पुण्यात मेंदूविकारतज्ज्ञाच्या कुठल्याही ओपीडीबाहेर थोडा वेळ बसलं, की एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘डॉक्टर म्हणाले, मेंदूत करंट वाढतो.’ अपस्माराला कुणी आकडी म्हणतं, कुणी फिट, कुणी फेफरं किंवा मिरगी, पण खुलासा हाच. वाक्य चुकीचं नाही. मात्र त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. एकेका चेतापेशीतून सुटणारा विजेचा स्पंद ही एक, आणि डोक्याला वायरी चिकटवल्यावर पडद्यावर उमटणारी ईईजीची, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखाची, लाट ही दुसरी. पहिल्यांची बेरीज केली की दुसरी तयार होते, असं बहुतेकांना वाटतं. शास्त्रज्ञांनाही बराच काळ तसंच वाटत होतं. तसं नाही हे कळायला ऐंशी वर्षं गेली, आणि खुद्द झटक्याच्या वेळी माणसाच्या मेंदूतल्या पेशी काय करतात हे नीट दिसू लागलं ते तर गेल्या वीसेक वर्षांत.

आजार अर्थातच जुना. चरकसंहितेत अपस्मारावर स्वतंत्र अध्याय आहे. पण विजेशी त्याचा संबंध जोडला गेला एकोणिसाव्या शतकात, आणि तोही विजेचं एकही यंत्र रुग्णाला न लावता. लंडनचे डॉक्टर जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन रुग्णांच्या झटक्यांचं बारकाईने निरीक्षण करत. काहींचा झटका अंगठ्यात सुरू होई, मग मनगट, दंड, चेहरा असा चढत जाई. हा क्रम ठरलेला आहे, म्हणजे मेंदूच्या पृष्ठभागावर काहीतरी एका जागी सुरू होऊन शेजारी सरकत असणार, असं त्यांनी ताडलं. १८७३ मध्ये त्यांनी लिहिलं, की अपस्मार म्हणजे मेंदूच्या करड्या द्रव्यातून, म्हणजे चेतापेशींच्या थरातून, अचानक, प्रमाणाबाहेर आणि एका ठिकाणाहून होणारा विसर्ग. त्याआधी तीनच वर्षं फ्रिच आणि हिट्झिग यांनी बर्लिनमध्ये कुत्र्याच्या मेंदूला विजेचा स्पर्श करून विरुद्ध बाजूचा पाय हलवून दाखवला होता. वीज जास्त झाली की कुत्र्याला झटका येई. नुसत्या नजरेच्या जोरावर जॅक्सन इतक्या अचूक ठिकाणी पोहोचले, याचं मला आजही नवल वाटतं.

मेंदूची स्वतःची वीज पहिल्यांदा मोजली ती लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन यांनी, १८७५ मध्ये. ससे आणि माकडं यांचा मेंदू उघडा करून, आरसा लावलेल्या गॅल्व्हनोमीटरने, म्हणजे विजेचा बारीक प्रवाह मोजणाऱ्या यंत्राने. भिंतीवरचा प्रकाशाचा ठिपका हलला, एवढंच. माणसाची पाळी यायला अर्धशतक जावं लागलं. जर्मनीतल्या येना गावचे मनोविकारतज्ज्ञ हान्स बेर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूची पहिली नोंद घेतली आणि पाच वर्षं खातरजमा करून १९२९ मध्ये ती छापली. बेर्गर मुळात टेलिपथीच्या शोधात होते. मनातले विचार दुसऱ्यापर्यंत कशाने पोहोचतात, हे त्यांना विजेत सापडेल अशी आशा होती. ते सापडलं नाही. सापडली ती डोळे मिटल्यावर सेकंदाला साधारण दहा या गतीने डुलणारी संथ लाट.

त्या लाटेवर कुणी फारसा विश्वास ठेवला नाही, आणि त्यामागे कारणही होतं. केंब्रिजचे एडगर एड्रियन यांनी एकेका चेतातंतूचे स्पंद मोजून दाखवले होते. त्याबद्दल त्यांना १९३२ चं नोबेलही मिळालं. चेतापेशी एक तर पूर्ण स्पंद सोडते किंवा मुळीच सोडत नाही, अर्धामुर्धा प्रकार नसतो. स्पंद टिकतो जेमतेम एक मिलिसेकंद. असल्या तुटक, टोकदार ठिणग्यांमधून बेर्गर दाखवतात तशी गुळगुळीत लाट कशी निघेल? एड्रियन यांनी सहकारी मॅथ्यूज यांच्याबरोबर १९३४ मध्ये पडताळा घेतला. लाट खरी निघाली, आणि एड्रियन यांच्या स्वतःच्या डोक्यातून तर झकास निघाली. पाण्यातल्या एका भुंग्याच्या चेतासंस्थेतूनही तशीच लय मिळाल्याचं त्यांनी शेजारी मांडलं. असंख्य पेशी एका तालात स्पंद सोडत असतील, म्हणून लाट दिसते, असा अर्थ लावला गेला आणि तो दोन दशकं टिकला.

पुढच्याच वर्षी, १९३५ मध्ये, बॉस्टनच्या गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी लहान मुलांच्या एका झटक्याची नोंद छापली. या प्रकारात मूल पडत नाही, हातपाय झाडत नाही, काही सेकंद शून्यात बघत राहतं. वर्गात बाईंना वाटतं लक्ष नाही. आलेखावर मात्र सेकंदाला तीन वेळा एक टोक आणि त्यामागे एक फुगीर लाट, टोक आणि लाट, अशी शिस्तीत रांग लागते.

ही रांग पुण्यातल्या ईईजी लॅबमध्ये आजही तशीच दिसते. केस धुऊन, तेल न लावता या, असं आधी सांगितलेलं असतं. तंत्रज्ञ टेपने डोकं मोजतो, पेन्सिलने खुणा करतो. ही मोजणी १९५८ मध्ये ठरलेल्या १०-२० पद्धतीची. मग खरखरीत जेलने त्वचा घासून पांढऱ्या पेस्टमध्ये वीसेक इलेक्ट्रोड चिकटवतो. डोळे उघड, मीट. डोळ्यांपुढे लुकलुकता दिवा. आणि तीन मिनिटं जोरजोरात श्वास. असे झटके येणारं मूल बरेचदा या श्वासांच्या मध्येच थांबतं, तंत्रज्ञ नाव घेऊन हाक मारतो, उत्तर येत नाही, आणि पडद्यावर तीनच्या लयीची टोकं धावत असतात. दहा-पंधरा सेकंदांत मूल पुन्हा तसेच जोरजोरात श्वास घेऊ लागतं, जणू काही झालंच नाही.

आता या रांगेतली फुगीर लाट म्हणजे काय? सगळ्यात मोठी तीच, म्हणजे तेव्हाच पेशी सगळ्यात जोरात चालत असतील, असं वाटणं साहजिक आहे. पुढे सूक्ष्म इलेक्ट्रोडने पेशींपाशी जाऊन पाहिलं तेव्हा उलटं दिसलं. टोक येतं तेव्हा पेशी स्पंद सोडतात. लाट चालू असते तेव्हा त्या गप्प असतात. ती ठसठशीत लाट दमन झालेल्या, म्हणजे आवरून धरलेल्या, पेशींची आहे.

हे शक्य होतं, कारण ईईजीवर स्पंद फारसे उमटतच नाहीत. १९५० आणि ६० च्या दशकांत मांजरांवर झालेल्या सूक्ष्म इलेक्ट्रोडच्या कामातून हे हळूहळू पक्कं झालं. एका पेशीचा स्पंद दुसरीपर्यंत पोहोचला की सिनॅप्सपाशी, म्हणजे दोन पेशींच्या सांध्यापाशी, विजेचा एक मंद चढउतार होतो, तो दहा-वीस मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त टिकतो. हे चढउतार एकमेकांवर पडून साचतात. मिलिसेकंदाचे स्पंद मात्र क्वचितच नेमके एका क्षणी जुळतात आणि बरेचसे एकमेकांना खोडून टाकतात. शिवाय मेंदूच्या पृष्ठभागातल्या शंकूच्या आकाराच्या पेशी एकाच दिशेला तोंड करून उभ्या असतात, त्यामुळे त्यांचे मंद प्रवाह एका बाजूला जमा होतात. तरीही कवटी ओलांडून त्वचेवर दिसण्याइतकी खूण उमटायला सहा ते दहा चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग एकत्र हलावा लागतो. तेवढं होऊन हाती येतात ते काही मायक्रोव्होल्ट. म्हणजे ईईजी मुख्यतः दाखवतो ते पेशींना मिळणारे निरोप. पेशी त्यावर काय बोलतात ते नव्हे.

झटक्यापुरते तरी स्पंद आणि लाट हे दोन्ही एक होत असतील, अशी आशा पेनिसिलिनने दिली. हे औषध थेट मेंदूवर ठेवलं तर झटके येतात, हे १९४५ मध्येच लक्षात आलं होतं. पेशींना आवरणारा गाबा या रसायनाचा परिणाम ते अडवतं. १९६४ मध्ये अमेरिकेत मात्सुमोतो आणि अज्मोने मार्सान यांनी मांजराच्या मेंदूवर पेनिसिलिन ठेवून पेशीच्या आत आणि पृष्ठभागावर एकाच वेळी नोंद घेतली. पृष्ठभागावर एक टोक आलं, की आतल्या पेशीचा विद्युतदाब झपकन चढे, त्यावर स्पंदांची लड फुटे आणि मागोमाग पेशी दबून जाई. चित्र इतकं नेटकं होतं, की पाठ्यपुस्तकांत जाऊन बसलं : झटका म्हणजे सगळ्या पेशींनी एका सुरात केलेला ओरडा.

माणसाचा मेंदू तितका नेटका निघाला नाही. लॉस एंजेलिसमध्ये शस्त्रक्रियेआधी रुग्णांच्या मेंदूत बारीक तारा सोडून नोंदी घेतल्या जात. १९८० च्या दशकातल्या त्या नोंदींत झटका चालू असताना थोड्याच पेशींचे स्पंद वाढलेले दिसले. तारा मोजक्या, त्यामुळे शंका राहिली. मग चार मिलिमीटर चौकोनात ९६ सुया असलेला इलेक्ट्रोड आला. २०११ मध्ये त्रुकोलो आणि सहकाऱ्यांनी त्यावरून दाखवलं, की झटक्याच्या सुरुवातीला शेजारशेजारच्या पेशीही वेगवेगळं वागतात : काहींचे स्पंद वाढतात, काहींचे घटतात, काही ढिम्म असतात. शेवटाकडे जाताना त्या एकसारख्या होतात, आणि झटका संपतो तेव्हा जवळजवळ सगळ्या एकदम मुक्या होतात.

माझ्या मते खरी कलाटणी त्याच्या पुढच्या वर्षीची. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या शेव्हॉन आणि सहकाऱ्यांना झटक्याची एक आघाडी सरकताना दिसली, सेकंदाला एक मिलिमीटरही नाही इतकी सावकाश. आघाडी येते तिथे पेशी अखंड, बेभान स्पंद सोडतात. पुढच्या भागात इतर पेशींना आवरणाऱ्या पेशी अजून बांध धरून असतात, स्पंद तुरळक असतात. पण ईईजीवर दोन्हीकडच्या लाटा जवळपास सारख्याच. विसर्जन मिरवणुकीचे ढोल बेलबाग चौकात असले तरी तिच्या वाटेवर पुढे असलेल्या अलका चौकात ऐकू येतात आणि अलका चौकातला बंदोबस्त तसाच असतो, तसं काहीसं. नुसत्या आवाजावरून मिरवणूक कुठे पोहोचली हे ठरत नाही. जॅक्सन यांना अंगठ्यापासून चेहऱ्याकडे चढताना दिसलं होतं ते असंच काहीतरी असणार.

औषधं या सगळ्याची वाट बघत थांबली नव्हती. फिनोबार्बिटल १९१२ चं, फेनिटॉइन १९३८ चं. फेनिटॉइन पेशीच्या आवरणातल्या सोडियमच्या मार्गिका अडवून पेशीची लागोपाठ स्पंदांची लड तोडतं, हे कळलं कित्येक वर्षांनी. ते काम करतं स्पंदांवर, म्हणून गोळ्या चालू असताना झटके थांबले आणि ईईजीत टोकं राहिली, असं बऱ्याच प्रकारांत घडतं आणि त्यात घाबरण्यासारखं काही नसतं.

उलटही घडतं. अपस्मार असलेल्या निम्म्या किंवा त्याहून जास्त लोकांचा पहिला साधा ईईजी स्वच्छ येऊ शकतो. टोक त्या वीस-तीस मिनिटांत आलं नसेल, किंवा खोल, लहान जागेत आलं असेल. आपल्याकडे लग्नं जुळवताना हा कागद दोन्ही बाजूंनी वापरला जातो, नॉर्मल असेल तर दाखवायला आणि नसेल तर दडवायला. कायद्यानेही यात भर घातली होती. हिंदू विवाह कायद्यात १९७६ मध्ये वारंवार येणारे अपस्माराचे झटके विवाहाच्या अटींत आडकाठी म्हणून आले, ते काढले १९९९ मध्ये.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो शस्त्रक्रियेत. औषधांनी न थांबणाऱ्या झटक्यांसाठी मेंदूचा थोडा भाग काढायचा, तर मोठ्या लाटा दिसतात तेवढा सगळा काढायचा की पेशी खरोखर बेभान होतात तेवढाच? सुयांचा इलेक्ट्रोड प्रत्येकाच्या मेंदूत बसवणं शक्य नाही. म्हणून संशोधक नेहमीच्या मोठ्या इलेक्ट्रोडवरच सेकंदाला ऐंशीहून जास्त कंपनं असलेली बारीक थरथर शोधतात, कारण ती मंद लाटांपेक्षा स्पंदांच्या जवळची आहे. रोजच्या कामात मात्र निर्णय आजही एमआरआय, व्हिडिओ-ईईजी आणि झटका नेमका कसा सुरू होतो याचं घरच्यांनी केलेलं वर्णन, हे सगळं एकत्र ठेवूनच होतो. त्यामुळे झटक्याचा मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ डॉक्टर आवर्जून मागतात.