नळीतला गर्भ उचलून पिशवीत ठेवता येतो का?

गर्भ गर्भपिशवीऐवजी बीजवाहक नळीत राहिला असं निदान झालं की घरातलं कुणीतरी विचारतंच, ‘मग तो काढून पिशवीत ठेवा ना!’ तसं करता येत नाही. गर्भाच्या वारेचे तंतू नळीच्या भिंतीत रुजलेले असतात. तिथून सोडवताच त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो पुन्हा जोडण्याची कुठलीही पद्धत आजवर नाही.

या समजाला एकदा छापील आधारही मिळाला होता. १९९४ साली लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलचे डॉ. माल्कम पिअर्स यांनी असा गर्भ हलवून बाळ जन्मल्याचा लेख एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. चौकशीत तो बनावट ठरला आणि १९९५ मध्ये त्यांची वैद्यकीय नोंदणीच रद्द झाली. गंमत म्हणजे, लेखावर सहलेखक म्हणून त्याच नियतकालिकाच्या संपादकांचं नाव होतं!

निदानासाठी योनीमार्गातून सोनोग्राफी करतात आणि रक्तातलं बीटा-एचसीजी (गर्भ राहिल्यावर वाढणारं संप्रेरक) साधारण ४८ तासांच्या अंतराने तपासतात. एकाच आकड्यावरून सहसा निष्कर्ष निघत नाही. लवकर कळलं आणि प्रकृती स्थिर असली, तर अनेकदा मेथोट्रेक्सेट या गर्भाची वाढ थांबवणाऱ्या औषधाचं इंजेक्शन पुरतं. मात्र बीटा-एचसीजीची पातळी उतरेपर्यंत पुन्हा पुन्हा तपासणी चुकवायची नाही, आणि या काळात फॉलिक अ‍ॅसिडची गोळी बंद ठेवायची. नाहीतर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया. बहुतेकदा ती नळीच काढतात. दुसरी नळी चांगली असेल तर पुढे दिवस राहू शकतात.

पोटात एका बाजूला तीव्र कळ, खांदा दुखणं, चक्कर: थेट हॉस्पिटल गाठा.