की-इव्हेंट वेगळा, टेक्स्ट-इव्हेंट वेगळा

स्वतःचा टेक्स्ट-बॉक्स लिहायला घेतलेला जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅमर सुरुवातीला एकच कोड लिहितो. कीडाउन (की दाबल्याची सूचना) आला, की-कोड (कीचा क्रमांक) बघितला, शिफ्ट दाबलंय का तपासलं, अक्षर ठरवलं आणि स्ट्रिंगला चिकटवलं. इंग्रजीत झकास चालतं. मग देवनागरीत टाइप करणारा पहिला माणूस येतो आणि तक्रार करतो की मराठी उमटतच नाही. त्यावर उपाय काय, तर कोडमध्ये देवनागरीचा आणखी एक तक्ता! हे तक्ते बघून बघून डोकं उठलंय, म्हणून एकदाचं सविस्तर लिहितोय.

की-इव्हेंट तुम्हाला माहीत आहे, तेव्हा तो भरभर उरकतो. की दाबली, की सोडली, धरून ठेवली तर रिपीट. रिपीट ओळखायची रीत जिथे तिथे वेगळी. विंडोजवर मेसेजसोबत येणाऱ्या एलपॅरॅमचा ३० क्रमांकाचा बिट बघायचा, लिनक्सच्या एक्स११ या जुन्या विंडो-यंत्रणेवर सोडल्या-दाबल्याच्या खोट्या जोड्या येतात, वेलँड या नव्या यंत्रणेवर टायमर लावून रिपीट आपणच करायचा. डॉक्युमेंटेशनमध्ये सगळं आहे. यात कुणी फार काळ अडकत नाही.

अडकतात ते पुढे. की-इव्हेंट कीबोर्डबद्दल सांगतो, टेक्स्ट-इव्हेंट मजकुराबद्दल सांगतो, आणि पहिल्यावरून दुसरा हिशेबाने काढता येत नाही. टूलकिट (खिडक्या आणि इनपुट सांभाळणारी लायब्ररी) कुठलंही घ्या, दोघांना दोन वेगळ्या वाटा असतातच. विंडोजवर डब्ल्यूएम_कीडाउन आणि डब्ल्यूएम_कॅर, एसडीएलमध्ये कीडाउन आणि टेक्स्टइनपुट, जीएलएफडब्ल्यूमध्ये की-कॉलबॅक आणि कॅर-कॉलबॅक, जीटीकेमध्ये की-कंट्रोलर आणि इनपुट मेथडचा (म्हणजे दाबलेल्या कींवरून मजकूर घडवणाऱ्या मधल्या प्रोग्रॅमचा) कमिट सिग्नल, ब्राउझरमध्ये कीडाउन आणि बिफोरइनपुट. इतक्या वेगवेगळ्या लोकांनी इतक्या वर्षांत हीच विभागणी केली, ती उगाच नाही.

कारण आकडे जुळत नाहीत. विंडोजवर इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांचा प्रमाण कीबोर्ड-लेआउट) लावून ‘श्री’ टाइप करा: शिफ्ट+एम, डी, जे, आर. अक्षरांच्या चार की, युनिकोडचे चार कोडपॉइंट (अक्षरांचे क्रमांक), पडद्यावर एक जोडाक्षर. इथपर्यंत ‘एका कीला एक कोडपॉइंट’ हा भ्रम टिकतो. आता त्याच लेआउटवर शिफ्ट+७ दाबा. ‘क्ष’ उमटतो. सातच्या कीचा कीडाउन एक, पण डब्ल्यूएम_कॅर ओळीने तीन: क, मग हलन्त, मग ष. ज्याने ‘एका कीडाउनमागे एकच कॅर’ धरून कोड लिहिला, त्याच्याकडे नुसता ‘क’ पोचतो.

उलटी उदाहरणंही भरपूर आहेत. जपानी इनपुट मेथडमध्ये दहा-बारा की दाबल्या तरी पक्का मजकूर शून्य, आणि शेवटी एका एंटरवर अख्खा शब्दसमूह येऊन पडतो. इमोजीच्या पॅनेलवर माउसने टिचकी मारली तर मजकूर येतो, पण त्या इमोजीची की कुणी दाबलेलीच नसते. (आणि विंडोजवर त्या एका इमोजीचे बहुधा दोन डब्ल्यूएम_कॅर येतात, कारण तिथे यूटीएफ-१६ आहे आणि त्यात असा इमोजी दोन तुकड्यांत साठवला जातो. दोन्ही जोडूनच पुढे द्या, नाहीतर दोन चौकोन दिसतील.) अँड्रॉइडचा ऑनस्क्रीन कीबोर्ड तर मजकूर थेट कमिट करतो, की-इव्हेंट पाठवण्याचं बंधन त्याच्यावर नाही. आवाजी टायपिंगचंही तेच. की-इव्हेंटवर उभा केलेला टेक्स्ट-बॉक्स या सगळ्यांसमोर ढिम्म बसून राहतो.

आता सगळ्यात जास्त छळणारी भानगड: कॉम्पोझिशन, म्हणजे मजकूर पक्का होण्याआधीचा टप्पा. फोनेटिक पद्धतीने मराठी टाइप करताना रोमन अक्षरं आधी अधोरेखित दिसतात, शेजारी पर्यायांची यादी उघडते आणि एंटर किंवा स्पेस मारल्यावर शब्द पक्का होतो. तो अधोरेखित मजकूर अजून तुमचा झालेला नसतो. तो दाखवायचा, पण डॉक्युमेंटमध्ये घालायचा नाही आणि अनडूच्या यादीत तर मुळीच नाही. या काळात दाबलेला एंटर इनपुट मेथडचा असतो. तरीही चॅटच्या कितीतरी खिडक्या ‘एंटर आला, पाठव’ एवढंच बघतात आणि माणूस शब्द निवडत असतानाच अर्धा निरोप पलीकडे जाऊन पडतो. जपानी, चिनी आणि कोरियन वापरणाऱ्यांची ही फार जुनी रड आहे.

ब्राउझरमध्ये यासाठी की-इव्हेंटवरचं ‘इजकॉम्पोझिंग’ (कॉम्पोझिशन चालू आहे का) तपासायचं. फक्त सफारी कॉम्पोझिशन संपल्याचा इव्हेंट आधी पाठवते आणि त्या एंटरचा कीडाउन नंतर, त्यामुळे तोवर इजकॉम्पोझिंग खोटं झालेलं असतं. म्हणून की-कोड २२९ आहे का हेही बघावं लागतं. विंडोजच्या व्हीके_प्रोसेसकीचा आकडाही हाच: ‘ही की इनपुट मेथडने घेतली, तू मध्ये पडू नकोस’. की-कोड ही प्रॉपर्टी कधीच मोडीत काढलीय, पण या एका कामासाठी मी ती बिनदिक्कत वापरतो.

इनस्क्रिप्टवर टाइप करून ‘मराठी चालतं’ असा शेरा मारणाऱ्यांना एक विनंती. विंडोजवरचं इनस्क्रिप्ट हा साधा लेआउट आहे, त्यात कॉम्पोझिशन नसतंच. फोनेटिकवर चालवून बघा, मग बोलू.

क्रमाबद्दल माझं मत ठाम आहे. कॉम्पोझिशन चालू असेल तर की आधी इनपुट मेथडकडे. एक्स११ वर यासाठी एक्सफिल्टरइव्हेंट आहे. त्याने ‘खरं’ परत दिलं की तो इव्हेंट तिथेच सोडायचा, त्याला हात लावायचा नाही. कॉम्पोझिशन नसेल तर आधी शॉर्टकट आणि उरलेलं मजकुराकडे. हा दुसरा भाग चुकला तर काय होतं, ते गेममधल्या कन्सोलवर (आज्ञा टाइप करायच्या खिडकीवर) दिसतं. बॅकटिक (`) दाबून कन्सोल उघडावा, तर त्यात एक बॅकटिक आधीच उमटलेला! विंडोजवर नेहमीच्या मेसेज-लूपमध्ये ट्रान्सलेटमेसेज (कीडाउनवरून डब्ल्यूएम_कॅर बनवणारं) आधी चालतं आणि डिस्पॅचमेसेज (मेसेज हँडलरकडे पोचवणारं) नंतर. तुमचा कीडाउन-हँडलर कन्सोलला फोकस देतो तेव्हा त्या कीचा डब्ल्यूएम_कॅर रांगेत जाऊन बसलेलाच असतो. लोक यावर ‘पहिलं अक्षर बॅकटिक असेल तर खोडा’ असलं ठिगळ लावतात. ठिगळ कशाला? शॉर्टकट ट्रान्सलेटमेसेजच्या आधी तपासा आणि जुळला तर ते बोलावूच नका. ट्रान्सलेटॲक्सिलरेटर वापरायची रीत नेमकी हीच आहे. ब्राउझरमध्ये कीडाउनवर प्रिव्हेंटडिफॉल्ट पुरतं.

शॉर्टकटचा विषय निघालाच आहे तर उलट दिशेची चूकही सांगतो: टेक्स्ट-इव्हेंटवरून शॉर्टकट ओळखणं. इनस्क्रिप्टमध्ये सीच्या कीवर ‘म’ असतो. एक्स११ वर तो लेआउट चालू असताना कंट्रोल+सी दाबलं की तुमच्यापर्यंत कंट्रोल+म पोचतो आणि कॉपी होत नाही. अशा वेळी शॉर्टकटपुरता रोमन लेआउट विचारात घ्यावा लागतो. चांगली टूलकिटं ते स्वतः करतात. गेममध्ये चालण्याच्या डब्ल्यू-ए-एस-डीसाठी मात्र कीची जागा बघा, तिच्यावरचं अक्षर नको. फ्रेंच कीबोर्डवर डब्ल्यू आणि ए दुसरीकडेच असतात.

एक गोष्ट हमखास राहून जाते. कर्सर पडद्यावर कुठे आहे हे इनपुट मेथडला तुम्हीच कळवायचं असतं. नाही कळवलं तर पर्यायांची यादी भलत्याच कोपऱ्यात उघडते आणि वापरणाऱ्याला दर शब्दाला तिकडे मान वळवावी लागते. कर्सर हलला की पुन्हा कळवा.

आणि टेक्स्ट-बॉक्समध्ये फोकस नसताना टेक्स्ट-इनपुट बंद ठेवा. नाहीतर जपानी इनपुट मेथड चालू असलेला खेळाडू पुढे जायला डब्ल्यू दाबतो आणि पात्र जागचं हलत नाही, कारण ती की कॉम्पोझिशनने गिळलेली असते. एसडीएल३ मध्ये टेक्स्ट-इनपुट मुळातच बंद असतं, हव्या त्या विंडोसाठी मागून चालू करावं लागतं. एसडीएल२ वरून आलेल्यांना वाटतं काहीतरी मोडलंय. मोडलेलं काही नाही, स्टार्टटेक्स्टइनपुट बोलवा आणि बॉक्समधून फोकस गेला की स्टॉपटेक्स्टइनपुट.