ताण संपतो कधी?

अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला राहून राहून आठवतो. दंतवैद्यक शिकणाऱ्या ११ विद्यार्थ्यांनी आपल्या टाळूला दोनदा जखम करून घेतली. जखम अगदी लहान, साडेतीन मिलिमीटर रुंदीची आणि दोन्ही वेळा त्याच मापाची. पहिली उन्हाळ्याच्या सुट्टीत केली. दुसरी टाळूच्या दुसऱ्या बाजूला, सत्रातल्या पहिल्या मोठ्या परीक्षेच्या तीन दिवस आधी. परीक्षेच्या वेळची जखम भरून यायला सरासरी तीन दिवस जास्त लागले, म्हणजे सुमारे ४० टक्के जादा वेळ. अकरांपैकी एकाचीही जखम सुट्टीतल्याइतकी लवकर भरली नाही.

अकरा ही संख्या लहान आहे, हे मान्य. पण त्याच संशोधकांपैकी काहींनी १९९५ मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची सेवा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि त्यांच्याच वयाच्या, तेवढ्याच उत्पन्नाच्या दुसऱ्या १३ स्त्रिया अशी तुलना केली होती. सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या हातावरची तेवढीच लहान जखम भरायला सुमारे नऊ दिवस जास्त लागले होते.

काळजी डोक्यात आणि जखम टाळूला. मग डोक्यातली गोष्ट तिथवर पोचते कशी?

रात्री साडेनऊला फोनवर वरिष्ठांचा निरोप येतो: "उद्या आल्याबरोबर भेटा. बोलायचं आहे." एवढंच. वाचून होईपर्यंत छातीत धडधड सुरू झालेली असते. तोंडाला कोरड पडते, तळहात गार होतात, पोटात खड्डा पडतो. आपण याला घाबरटपणा म्हणतो, पण यातल्या प्रत्येक लक्षणामागे शरीराचा पक्का हिशेब आहे. मेंदूचा इशारा चेतातंतूंतून मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींपर्यंत जातो आणि काही सेकंदांत त्या रक्तात अ‍ॅड्रिनलिन सोडतात. हृदयाचे ठोके वाढतात. यकृत साठवलेली साखर मोकळी करतं. त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून हात गार पडतात. पळायचं किंवा झुंजायचं असेल त्या घडीला अन्न पचवत बसणं परवडत नाही, म्हणून लाळ आटते आणि जठर थबकतं.

जठर थबकतं ही गोष्ट हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी अक्षरशः डोळ्यांनी पाहिली होती. एक्स-रे तेव्हा अगदी नवे होते आणि कॅनन ते वापरून मांजरांचं पचन कसं चालतं हे बघत होते. मांजर बिथरलं की त्याच्या जठराच्या लाटा थांबत आणि शांत झालं की पुन्हा सुरू होत. 'लढा किंवा पळा' ही आज सर्वांच्या तोंडी असलेली कल्पना पुढे १९१५ च्या सुमारास त्यांनीच मांडली.

यामागोमाग दुसरी, संथ लाट येते. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला कळवतो, पिट्युटरी अ‍ॅड्रिनलच्या बाहेरच्या थराला, आणि तिथून कॉर्टिसॉल बाहेर पडतं. रक्तात ते शिगेला पोचायला साधारण वीस ते तीस मिनिटं लागतात. कॉर्टिसॉलला 'ताणाचं संप्रेरक' म्हणून फार बदनाम केलं गेलंय आणि मला तो अन्याय वाटतो. रोज सकाळी जाग आल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात त्याची पातळी चढते आणि दिवस सुरू करायला बळ मिळतं. शिवाय ते स्वतःचा लगामही स्वतःच ओढतं. ज्या मेंदूने ते मागवलं, त्यालाच जाऊन ते सांगतं, 'आता पुरे'. टाकी भरली की बॉलकॉक नळ बंद करतो, तसंच.

दाह आवरणं हेही कॉर्टिसॉलचं एक काम. या गुणामुळेच त्याच्या जातीची स्टेरॉइड्स औषध म्हणून वापरली जातात. अ‍ॅड्रिनलच्या या संप्रेरकांवरच्या कामाला १९५० चं नोबेल पारितोषिक मिळालं. मात्र जखम भरायची तर सुरुवातीला थोडा दाह हवाच असतो. लाली, सूज, ऊब म्हणजे दुरुस्तीची माणसं कामावर आल्याची खूण. त्या विद्यार्थ्यांच्या रक्तातल्या पेशींमध्ये या माणसांना बोलावणारं इंटरल्यूकिन-१ हे रसायन बनवण्याचा संदेश परीक्षेच्या काळात ७१ टक्क्यांनी घटलेला आढळला. डोक्यातली काळजी टाळूपर्यंत पोचली ती या वाटेने.

आता त्या साडेनऊच्या निरोपाकडे परत येऊ. शरीर पळायला सज्ज झालं, पण पळायचं कुणापासून? साडेदहाच्या सुमाराला लाट ओसरू लागते. बॉलकॉक वर आलेला असतो. तेवढ्यात आपण फोन उचलतो आणि ते दोन शब्द पुन्हा वाचतो. 'बोलायचं आहे' म्हणजे नक्की काय? गेल्या आठवड्यातली ती चूक तर नव्हे? नळ पुन्हा सुरू. बाराला पुन्हा. पहाटे तीनला जाग येते तेव्हा पुन्हा. घडलेली गोष्ट एकच, तीही एका ओळीची, पण शरीराने तिच्यासाठी चार वेळा कंबर कसली. समोरचं संकट आणि मनात घोळवलेलं संकट यांत ही यंत्रणा फारसा फरक करत नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. ताण येणं हा बिघाड नाही. परीक्षेआधी, भाषणाआधी, धावण्याच्या शर्यतीआधी आलेला ताण माणसाला धारदार करतो. बिघाड सुरू होतो तो ताण संपायचा राहतो तिथे. ब्रूस मॅकएवन आणि इलियट स्टेलर या शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये या सततच्या झिजेला 'अ‍ॅलोस्टॅटिक लोड' असं नाव दिलं. जुळवून घेण्याची यंत्रणा वारंवार चालवल्याने किंवा वेळेवर बंद न झाल्याने शरीरावर चढत जाणारा बोजा, असा त्याचा अर्थ. रक्तदाब चढाच राहतो, झोप उथळ होते, साखरेचं गणित बिघडतं, लक्षात राहत नाही.

तरीही दिसेल तो आजार ताणाच्या खात्यावर मांडू नये. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये 'नेचर'मध्ये एक छोटं टिपण लिहिलं. उंदरांना कुठलाही त्रास द्या, त्यांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी सुजतात, रोगांशी लढणाऱ्या पेशी घडवणारी थायमस ग्रंथी आक्रसते आणि जठराला व्रण पडतात, असं त्यांना दिसलं होतं. ताणाच्या अभ्यासाचा पाया इथेच पडला. पण त्यानंतर कित्येक वर्षं माणसांच्या पोटातल्या अल्सरचं खापरही मुख्यतः काळजीवरच फुटत राहिलं. पुढे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी त्यामागे बहुतेकदा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो हे दाखवून दिलं आणि २००५ चं नोबेल मिळवलं. छातीत दुखतंय, वजन उतरतंय, आणि घरचे म्हणतात 'काही नाही, टेन्शन घेतोस तू'. असं परस्पर निदान करून कुणाचा दवाखाना लांबवू नका, अगदी कळकळीने सांगते.

ताण कशाने चिघळतो हे दाखवणारा एक प्रयोग १९७० च्या आसपास संशोधक जे वाइस यांनी केला. दोन उंदरांना शेपटीवर विजेचे अगदी सारखेच झटके दिले जात. एकाला झटक्याआधी सूचनेचा आवाज ऐकू येई. दुसऱ्यालाही आवाज ऐकू येत, पण त्यांचा झटक्यांशी काही मेळ नसे. वेदना दोघांची सारखीच, पण सूचना मिळणाऱ्याच्या जठराला व्रण कितीतरी कमी. आवाज नसेल तेवढा वेळ तो निवांत राहू शकत होता. दुसऱ्याला अशी एक घडीही नव्हती.

माणसांवरचा एक प्रयोग त्याच सुमारास डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी केला. लोकांना कर्कश गोंगाट ऐकवत कामाला बसवलं. काहींना एक बटण दिलं: अगदीच असह्य झालं तर दाबा, पण शक्यतो दाबू नका. त्यांनी ते दाबलं नाही. म्हणजे सगळ्यांनी गोंगाट तेवढाच सोसला. पण नंतर दिलेली कोडी चिकाटीने सोडवण्यात आणि मजकुरातल्या चुका शोधण्यात बटणवाले सरस ठरले. हाताशी काही आहे, एवढं माहीत असणंच पुरेसं होतं.

माझे वडील आजारी होते तेव्हा तपासणीचा अहवाल यायला आठ दिवस लागणार होते. ते आठ दिवस मी नीट जेवले नाही की झोपले नाही. अहवाल आला तो वाईटच होता, आणि त्या रात्री मला गाढ झोप लागली. मला स्वतःचीच लाज वाटली होती. वाइस यांचा प्रयोग वाचल्यावर ती लाज गेली. निदान पुढे काय करायचं हे मला त्या रात्री कळलेलं होतं.

म्हणून 'टेन्शन घेऊ नकोस' हा सल्ला मला निरुपयोगी वाटतो. त्यात ना सूचनेचा आवाज आहे, ना बटण. त्यापेक्षा वरिष्ठांना उलट निरोप पाठवून 'कशाबद्दल बोलायचं आहे?' असं सरळ विचारणं शंभरपट बरं. जिथे विचारायची सोय नाही तिथे कागद-पेन घ्या. मायकल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ५७ तरुण माणसांवर केलेला एक साधा प्रयोग आहे. झोपण्याआधी पाच मिनिटं काहींनी पूर्ण झालेली कामं लिहिली, काहींनी पुढची करायची कामं. करायची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. जितकं बारीक तपशिलात लिहिलं, तितकी लवकर. कागदावर उतरलेलं काम डोक्याला सारखं धरून ठेवावं लागत नाही, असं याचं एक स्पष्टीकरण आहे.

श्वासाची गोष्ट तर आत्ता वाचता वाचता करून बघता येईल. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून नाडी शोधा. आता सावकाश श्वास आत घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. श्वास घेताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना लांबतात. लांबतात ते व्हेगस या चेतातंतूमुळे. हृदयाचा तो ब्रेक आहे आणि उच्छ्वासात तो जास्त दाबला जातो. तरुण माणसांत हा फरक बोटांना सहज कळतो, वयाबरोबर तो पुसट होतो. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास, असं पाच मिनिटं केलं तर धडधड बहुधा उतरते. चालणं, पळणं, जिने चढणं हेही कामी येतं. ज्या पळण्यासाठी साखर आणि रक्त जमवलं, ते निदान घडतं तरी.

पण कर्ज असेल, नोकरी जाणार असेल, घरात मारहाण होत असेल, तर श्वासाने ते मिटत नाही आणि मिटेल असं सांगणाऱ्यांचा मला राग येतो. ब्रिटनमध्ये मायकल मार्मट आणि इतरांनी हजारो सरकारी नोकरांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. हृदयविकाराचं प्रमाण वरच्या हुद्द्यांवरच्या साहेबांपेक्षा खालच्या पायऱ्यांवर जास्त निघालं. बटण कुणाच्या हातात आहे, याच्याशी याचा बराच संबंध होता. तिथे बदल माणसाच्या श्वासात नव्हे, कामाच्या रचनेत करावे लागतात. आणि झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, कशातच जीव रमत नसेल, जगूच नये असं वाटत असेल, तर डॉक्टरांकडे आजच जायला हवं. एकट्याने नाही, कुणाला तरी सोबत घेऊन.

सोबतीचंही मोजमाप झालेलं आहे. जेम्स कोन यांनी २००६ मध्ये १६ विवाहित स्त्रियांना एमआरआय यंत्रात झोपवलं आणि पायाच्या घोट्याला विजेचा झटका बसू शकतो अशी सूचना देत मेंदूतली हालचाल पाहिली. कधी हात रिकामा, कधी अनोळखी माणसाच्या हातात, कधी नवऱ्याच्या. अनोळखी हातानेही मेंदूतली खळबळ थोडी कमी झाली. नवऱ्याच्या हाताने त्याहून जास्त, आणि ज्यांचं आपसात चांगलं जमत होतं त्यांची सगळ्यांत जास्त. झटक्याची भीती तिन्ही वेळा तीच होती, आणि हात धरणारा एक शब्दही बोलत नव्हता.