बाल लैंगिक अत्याचारानंतरचे पालकसाहाय्य

बाल लैंगिक अत्याचारानंतरचे पालकसाहाय्य : लैंगिक अत्याचाराला सामोरे गेलेले बालक पुन्हा निर्धास्तपणे जगू लागेपर्यंत, त्या कृत्यात सहभाग नसलेल्या पालकांनी त्याला दिलेला विश्वास, संरक्षण, दिनक्रमाची घडी आणि उपचारांतील साथ. येथे पालक म्हणजे केवळ आईवडील नव्हेत. एकत्र कुटुंबात ही भूमिका आजी, आत्या, मामी किंवा थोरली बहीणही पार पाडते, आणि अत्याचार करणारी व्यक्ती घरातलीच असेल तर आधार देणाऱ्या या नातलगावरच सारी भिस्त असते. भारतीय कायद्यानुसार 18 वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक होय.

मराठीत या विषयाची परिभाषा अजून स्थिरावलेली नाही. ‘बळी’ हा शब्द मागे पडला असून न्यायालयीन लेखनात ‘पीडित’ रूढ आहे; समुपदेशक मात्र मुलासमोर तोही टाळतात. ‘बरे होणे’ यापेक्षा ‘सावरणे’ हा शब्द अधिक नेमका वाटतो, कारण येथे रोग जाऊन प्रकृती पूर्ववत होत नाही, तर घडलेले आठवत असूनही मूल तोल सांभाळू लागते. कोल्हापूरकडील बोलीत ‘पोरीनं धसका घेतलाय’, ‘पोरगं भेदरलंय’ असे म्हटले जाते आणि ‘आघात’ या पुस्तकी शब्दाने जे सांगायचे असते ते ‘धसका’ या शब्दात बरेचसे येते. धसक्यावर मीठ-मोहरीने दृष्ट काढणे, अंगारा लावणे हे घरगुती उपाय अनेक घरांत आधी होतात. त्यापायी डॉक्टरांकडे जाण्यास विलंब होत नसेल, तर त्यांत आक्षेपार्ह काही नाही. तिन्हीसांजेला आजीने तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटे मोडणे हे मुलाला धीर देणारेही असते. आपल्याला ‘काहीतरी लागले आहे’, म्हणजे दोष आपल्यातच शिरला आहे, असा अर्थ मुलाने घेऊ नये, एवढेच पाहावे लागते.

या विषयाचा शास्त्रीय इतिहास सामान्यतः मनोविश्लेषणाचे प्रवर्तक झिग्मंड फ्रॉइड यांच्यापासून सांगितला जातो. प्रौढांच्या उन्मादविकाराचे (हिस्टेरियाचे) मूळ बालपणीच्या लैंगिक अत्याचारात असते, असा सिद्धान्त त्यांनी 1896 मध्ये मांडला आणि पुढच्याच वर्षी खासगी पत्रव्यवहारात त्यावरील विश्वास सोडला. तो पुराव्याअभावी सोडला की समाजाच्या दडपणाखाली, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परिणाम मात्र असा झाला की मुलांचे सांगणे ही कल्पनारचना मानण्याची सवय वैद्यकाला दीर्घकाळ राहिली. मारहाण झालेल्या मुलांविषयी 1962 मध्ये लिहिणाऱ्या बालरोगतज्ज्ञ सी. हेन्री केम्प यांनी 1977 च्या व्याख्यानात लैंगिक अत्याचार ही बालरोगशास्त्रातील दडलेली समस्या असल्याचे सांगितले. मानसोपचारतज्ज्ञ रोलंड समिट यांनी 1983 मध्ये गुप्तता, असहायता, अडकून जुळवून घेणे, उशिरा व अडखळत सांगणे आणि सांगितलेले मागे घेणे असा पाच अंगांचा आकृतिबंध मांडला. पालकांच्या दृष्टीने त्यातील शेवटची दोन अंगे कळीची आहेत. मुलाने महिन्यांनी सांगणे किंवा सांगून ‘तसं काही झालं नव्हतं’ असे म्हणणे हा खोटेपणाचा पुरावा ठरत नाही. मात्र या आकृतिबंधाचा न्यायालयात निदानचाचणीसारखा वापर होऊ लागला, तेव्हा त्यावर टीका झाली आणि तो तसा वापरण्यासाठी नव्हता, असे स्वतः समिट यांनाही नंतर स्पष्ट करावे लागले. अत्याचाराचा मुलावर परिणाम ज्या चार प्रक्रियांतून होतो त्या संशोधक डेव्हिड फिंकेलहोर व अँजेला ब्राउन यांनी 1985 मध्ये सांगितल्या; त्यांपैकी विश्वासघात, कलंकभावना व हतबलता या तिन्हींवर घरातल्या वागणुकीचा थेट परिणाम होतो.

कोल्हापूर परिसरात या विषयाला एक वेगळी पूर्वपीठिका आहे. मुलींना यल्लम्मा देवीला सोडण्याच्या, म्हणजे देवदासी करण्याच्या, चालीत पालकच मुलीला शोषणाच्या वाटेवर ठेवीत. राजर्षी शाहू महाराजांनी 1920 च्या सुमारास मुले देवाला वाहण्याच्या जोगत्या-मुरळी प्रथेविरुद्ध कायदा केला. तरीही गडहिंग्लज भागात या प्रथेविरुद्ध पुन्हा चळवळ उभी करावी लागली. पालकाचे हित आणि मुलाचे हित एकच असते हे गृहीतक तपासून घ्यावे लागते, हे या इतिहासावरून दिसते.

पालकांच्या आधाराने मूल खरोखर लवकर सावरते काय, हा या क्षेत्रातील मुख्य वादाचा प्रश्न आहे. कॅथलीन केंडल-टॅकेट व सहकाऱ्यांनी 1993 मध्ये 45 अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा सुमारे एक तृतीयांश मुलांत ठळक लक्षणे आढळली नाहीत, सुमारे दोन तृतीयांश मुले पहिल्या 12 ते 18 महिन्यांत सुधारली आणि आईचा आधार नसणे हे लक्षणे वाढवणाऱ्या घटकांपैकी एक ठरले. हाच निष्कर्ष पुढे पाठ्यपुस्तकांत जवळजवळ नियम म्हणून शिरला. रेबेका बोलेन यांनी सहलेखिकेसह 2015 मध्ये उपलब्ध अभ्यासांचे एकत्रित सांख्यिकी विश्लेषण केले, तेव्हा पालकांचा आधार आणि मुलाची नंतरची स्थिती यांतील संबंध अपेक्षेपेक्षा बराच क्षीण निघाला. यावरून आधार निरुपयोगी आहे असे अनुमान काढणे घाईचे होईल. अनेक अभ्यासांत ‘आधार’ हा गोष्ट उघड झाल्यानंतरच्या एखाद्याच मुलाखतीवरून, कधी खुद्द आईला विचारून, तर कधी समाजकार्यकर्त्याच्या मतावरून मोजलेला असतो. ज्या बाईला नवऱ्याविषयी किंवा दिराविषयी हे आताच कळले आहे, ती सकाळी मुलीला कुशीत घेते आणि संध्याकाळी ‘तुला नक्की आठवतंय ना?’ असे विचारते. तिला ‘आधार न देणारी’ या रकान्यात टाकणे शास्त्रीयदृष्ट्याही कच्चे आहे. एस्थर डेब्लिंजर व सहकाऱ्यांच्या 1996 च्या प्रयोगाने हा गुंता काहीसा सोडवला. केवळ मूल, केवळ आई आणि दोघे अशा वेगवेगळ्या गटांना उपचार दिले असता, आघाताची भीतिदायक लक्षणे कमी होण्यासाठी मुलाला स्वतःला उपचार मिळणे आवश्यक ठरले, तर त्याचे आक्रस्ताळे वर्तन व खिन्नता कमी होण्यासाठी आईचा सहभाग मोलाचा ठरला. पालकाचे प्रेम उपचाराची जागा घेत नाही आणि उपचार पालकाची, हे मत या नोंदीत अधिक ग्राह्य मानले आहे.

प्रत्यक्ष व्यवहारात पहिले ऐकणे सर्वांत जपून करावे लागते. मूल सहसा समोर बसवून सांगत नाही. वेणी घालताना पाठमोरे असताना किंवा दिवा मालवल्यावर अंथरुणातून एखादे वाक्य टाकते आणि ऐकणाऱ्याचा श्वास कसा बदलतो ते पाहते. त्या वेळी ‘बरं केलंस सांगितलंस, यात तुझी चूक नाही’ एवढे पुरते. ‘तेव्हाच का नाही बोललीस?’ हा प्रश्न आरोपासारखा ऐकू येतो. तपशील खोदून विचारणे, मग तेच काकूसमोर, मामासमोर वदवून घेणे यांमुळे मुलाचा त्रास वाढतो आणि पुढे साक्षीत शिकवल्याचा संशय घेण्यास वाव मिळतो. मुलाने स्वतःहून वापरलेले शब्द तारखेसह जसेच्या तसे लिहून ठेवणे अधिक उपयोगी असते.

वडिलांचा संताप हा स्वतंत्र प्रश्न आहे. तालमीतली पोरे गोळा करून संशयिताच्या दारात जाण्याची भाषा घरात सुरू झाली, की आपल्या बोलण्याने बाबा तुरुंगात जाणार, असा हिशेब मूल करते आणि जबाब फिरवते. याउलट काही घरांत मुलीला ताबडतोब आजोळी किंवा वसतिगृहात पाठवले जाते. हेतू तिला जपण्याचा असतो, पण ज्याने गुन्हा केला तो गल्लीत फिरतो आणि घर मात्र आपल्याला सोडावे लागले, एवढेच तिला दिसते. आरोपी घरातला असेल तर मुलाने नव्हे, आरोपीनेच घराबाहेर जावे, असा संकेत आता बहुतेक तज्ज्ञ मानतात.

अंथरूण ओले करणे, एकटे न झोपणे, चिडणे, वयाला न शोभणारे लैंगिक खेळ खेळणे ही लक्षणे काही काळ दिसू शकतात. त्यांवर शिक्षा न करता शांतपणे मर्यादा सांगणे आणि जेवण, शाळा, झोप यांच्या वेळा पूर्वीसारख्या ठेवणे हे महत्त्वाचे असते. दयेपोटी सर्व शिस्त सैल केली, तर घरच बदलून गेल्यासारखे मुलाला वाटते. आठवण चाळवणाऱ्या गोष्टी नेहमी टाळता येत नाहीत. इचलकरंजीत एखाद्या मुलाशी यंत्रमागाच्या शेडमागे गैरप्रकार झाला असेल, तर तो खडखडाट त्याला रात्रंदिवस ऐकू येणारच. अशा वेळी कान झाकून घरात बसवण्यापेक्षा, समुपदेशकाच्या सल्ल्याने, सुटीच्या दिवशी माग बंद असताना वडिलांचा हात धरून त्या रस्त्याने जाणे, मग एकच माग चालू असताना दारापर्यंत जाणे, अशा पायऱ्या आखल्या जातात. हा आवाज आणि तो प्रसंग या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलाच्या शरीराला उमगायला वेळ लागतो. मिठी मारण्यापूर्वी विचारणे आणि पाहुण्यांच्या मांडीवर बसण्याची सक्ती न करणे हेही याच शिक्षणाचा भाग होय.

उपचारपद्धतींमध्ये ज्युडिथ कोहेन, अँथनी मॅनारिनो व डेब्लिंजर यांनी विकसित केलेली आघातकेंद्रित बोधात्मक-वर्तनोपचार पद्धती सर्वाधिक अभ्यासली गेली आहे. साधारण 12 ते 16 सत्रांत मूल व पालक यांच्याशी आधी स्वतंत्रपणे काम होते. मूल श्वसन, भावना ओळखणे यांपासून सुरुवात करून घडलेल्या प्रसंगाचे कथन रचते आणि शेवटी ते पालकासमोर वाचते. तोवर पालकाने ते न रडता, न थांबवता ऐकण्याची तयारी केलेली असते. या लेखकांच्या 2004 मधील 8 ते 14 वयोगटातील 229 मुलांवरील चाचणीत मुलांबरोबर पालकांची खिन्नता व मानसिक त्रासही कमी झालेला आढळला. शालेय वयापूर्वीच्या मुलांवरील कोहेन व मॅनारिनो यांच्या आधीच्या कामात तर पालकाच्या स्वतःच्या भावनिक त्रासाचा मुलाच्या उपचारानंतरच्या लक्षणांशी निकटचा संबंध दिसला होता. स्वतःच्या बालपणी अत्याचार सोसलेल्या आईला तिच्यासाठी वेगळा समुपदेशक लागतो, तो यामुळेच.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, 2012 (पोक्सो) हा 14 नोव्हेंबर 2012 पासून अमलात आहे. त्यानुसार गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती कळवणे बंधनकारक आहे. समुपदेशकही यातून सुटत नाही, त्यामुळे ‘आधी उपचार, तक्रार नंतर पाहू’ हा मार्ग कुटुंबाला मोकळा नसतो. ही सक्ती मुलाच्या हिताची आहे का, यावर मतभिन्नता आहे. गुन्हा आपसांत मिटवता येण्याजोगा नाही. भावकीच्या बैठकीतील तडजोडीला कायद्यात स्थान नाही. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षक वा त्यावरील अधिकाऱ्याने, गणवेश न घालता आणि पालकांच्या वा विश्वासातील व्यक्तीच्या उपस्थितीत घ्यावयाचा असतो. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करावयाची असून ती गुन्हा नोंदवला नसतानाही करता येते. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात, म्हणून कोल्हापुरातील, सीपीआर या नावाने परिचित असलेल्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयासारख्या ठिकाणी पोहोचणे दूरच्या चंदगड किंवा गगनबावड्याच्या कुटुंबाने पुढे ढकलू नये. 2020 च्या नियमांनुसार बालकल्याण समिती मुलासाठी सहायक व्यक्ती नेमू शकते. तपासापासून निकालापर्यंत ती कुटुंबाला प्रक्रियेची माहिती देते. राज्य शासनाची 2 ऑक्टोबर 2013 पासूनची, पीडितांना आर्थिक मदत व पुनर्वसन देणारी मनोधैर्य योजना आता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत राबवली जाते. तातडीच्या मदतीसाठी 1098 हा बालसाहाय्य क्रमांक आहे.

मुलग्यांवरील अत्याचारात ‘पोरगा हाय, इसरंल’ ही समजूत मोठा अडसर ठरते; कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. भावंडांना वयानुरूप थोडक्यात सांगणे इष्ट असते. ऊसतोडीसाठी आलेली कुटुंबे हंगाम संपताच फडावरची कोपी मोडून परततात, तेव्हा समुपदेशन तुटते आणि खटला मात्र येथेच राहतो.

विशेष न्यायालयात मुलाला आरोपी दिसू नये, आक्रमक प्रश्न विचारले जाऊ नयेत आणि सुनावणी पालकांच्या उपस्थितीत बंद दालनात व्हावी, अशी तरतूद आहे. न्यायालयाने दखल घेतल्यापासून मुलाची साक्ष 30 दिवसांत नोंदवावी आणि खटला शक्यतो वर्षभरात संपवावा, असे कायदा सांगतो. अपिलांसाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ कोल्हापुरातच बसू लागले आहे. अपील सुनावणीला येईपर्यंत मूल अनेकदा सज्ञान झालेले असते, आणि तारखेला जायचे की नाही हे आता त्याला विचारून ठरवावे लागते.