पेडल बॉक्स आणि ट्यून: बिनटर्बोच्या पिकअपमध्ये कशाने नेमकं काय बदलतं

परवा इस्लामपूरहून भाच्याचा फोन आला. त्याने त्याच्या टर्बो डिझेल पिकअपचं रीमॅप, म्हणजे ट्यून, करून घेतलंय आणि गडी जाम खूश आहे. म्हणाला, "मामा, तुम्ही पण करून घ्या की तुमच्या टोयोटा टॅकोमाचं, आणि तेवढं बजेट नसेल तर पेडलला लावायची ती छोटी डबी मिळते ती घ्या, काम तेच होतंय." इथे डेन्व्हरमध्ये ट्रकवाले मित्र पण अगदी हेच बोलतात, काम तेच. मला हे मनापासून खटकतं, कारण काम तेच नाहीये, आणि डबीला ट्यून समजून पैसे घालणारी माणसं मी बघितलीत, मीसुद्धा एकदा दुकानदाराच्या "पॉवर वाढते" या एका वाक्यावर ती डबी घेतलेली आहे.

आधी डबीचं बघू. तिला पेडल बॉक्स म्हणतात, थ्रॉटल कंट्रोलर म्हणतात. आजकालच्या गाडीत ॲक्सिलरेटरला केबल नसते. पेडलच्या वरच्या बाजूला सेन्सर असतो, तुम्ही किती दाबलंय ते तो व्होल्टेजमध्ये ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, कळवतो, आणि मग थ्रॉटलची बटरफ्लाय, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, किती उघडायची ते ईसीयू ठरवतो. ही डबी या दोघांच्या मध्ये बसते. पेडलचा कनेक्टर काढायचा, डबीत लावायचा, डबीची वायर परत पेडलला, दहा मिनिटांत काम खलास. त्यानंतर तुम्ही २० टक्के दाबलं की डबी ईसीयूला सांगते ४० टक्के दाबलंय. बास, एवढंच. इंजिनात काही बदललेलं नसतं, फक्त तुमच्या पायाचा निरोप वाढवून सांगितला जातो. म्हणून पहिल्या सिग्नलवरून निघताना गाडी अशी काही सुटते की वाटतं वा, काय पिकअप आलाय! पण पेडल पूर्ण फ्लोअरला दाबून बघा, डबी असो नसो गाडी तेवढीच पळते, कारण १०० टक्क्यांच्या पुढे डबी सांगणार तरी काय.

ट्यून म्हणजे खुद्द ईसीयूच्या आतलं सॉफ्टवेअर बदलायचं, ज्याला आपल्याकडे रीमॅप म्हणतात तेच. डॅशबोर्डखालच्या ओबीडी पोर्टला केबल लावायची आणि लॅपटॉपवरून नवीन फाइल आत लिहायची. त्यात स्पार्क कधी द्यायचा, पेट्रोल किती सोडायचं, व्हॉल्व्ह कधी उघडायचे-मिटायचे, पेडल एवढं दाबलं तर टॉर्क किती द्यायचा, आणि चांगली फाइल असेल तर ऑटोमॅटिक गियरबॉक्सने गियर कधी टाकायचा, कधी काढायचा, या सगळ्याची टेबलं बदलतात. म्हणजे पायाचा निरोप तोच राहतो, तो ऐकून इंजिन आणि गियरबॉक्स जे ठरवतात ते बदलतं. पैशाने बघाल तर डबी दोन-तीनशे डॉलर आणि ट्यून त्याच्या दुप्पट-तिप्पट.

आता भाच्याच्या गाडीला एवढा फरक पडला तर माझ्या गाडीला का नाही पडणार? तर टर्बोमुळे. टर्बोवाल्या इंजिनात ट्यून करणारा बूस्ट वाढवतो, म्हणजे सिलेंडरमध्ये कोंबून जास्त हवा भरतो, जास्त हवा म्हणून जास्त डिझेल, आणि म्हणून जास्त ताकद. माझी २०१९ ची टॅकोमा, ३.५ लिटर व्ही६ पेट्रोल, २७८ एचपी, नॅचरली ॲस्पिरेटेड, म्हणजे बिनटर्बोची. तिला हवा आकाशातून फुकट मिळते तेवढीच, ती कॉम्प्युटरवरून वाढवता येत नाही. कंपनीनेच ११.८ चा कम्प्रेशन रेशो (सिलेंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते तो आकडा) ठेवलाय, स्पार्कचं टायमिंग बऱ्यापैकी टोकाला नेलेलंय, तिथे चांगल्या पेट्रोलवर चांगल्या ट्यूनने १०-२० एचपी निघाली तरी मी भरपूर म्हणेन. कोणी याच इंजिनाला नुसत्या ट्यूनवर ५० एचपी सांगत असेल तर सरळ उठून यावं.

आणि आमच्याकडे तर हवाच कमी. डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे, समुद्रसपाटीला हवेचा दाब १४.७ पीएसआय असतो तो इथे १२.२ च्या आसपास. आय-७० हायवेने पश्चिमेला निघालात की आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत रस्ता ११,१५८ फुटांवर चढतो, आणि तिथे दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांशच राहतो. म्हणजे कागदावरची २७८ एचपी तिथे ढोबळमानाने १८५-१९० राहिली. ही गेलेली ताकद डबी आणू शकत नाही आणि ट्यूनही आणू शकत नाही. ती आणायची तर टर्बोसारखाच हवा कोंबणारा सुपरचार्जर बसवायला लागतो, तो वेगळाच आणि हजारो डॉलरचा मामला.

मग बिनटर्बोच्या गाडीत ट्यूनला अर्थ काय? माझ्या मते सगळा अर्थ गियरबॉक्समध्ये आहे, आणि हे बहुतेक जण बघतच नाहीत, सगळे एचपीच्या आकड्याला चिकटलेले असतात.

या गाडीच्या सहा स्पीड ऑटोमॅटिकमध्ये चौथ्या गियरचा रेशो १.०००, पाचव्याचा ०.६८७ आणि सहाव्याचा ०.५८० आहे, मागचा ॲक्सल ३.९०९ चा (आकडा जितका कमी, तितकं त्याच स्पीडला इंजिन संथ फिरतं). कंपनीच्या २६५/७० आर१६ टायरवर ताशी ६५ मैलांना हिशोब केला तर सहाव्यात साधारण १,७०० आरपीएम येतात, पाचव्यात २,०००, आणि चौथ्यात एकदम २,९००. बघा, पाचव्यातून चौथ्यात येताना केवढी उडी आहे ती. आणि या इंजिनाचा सगळ्यात जास्त टॉर्क येतो ४,६०० आरपीएमला. सपाट रस्त्यावर मायलेज मिळावं म्हणून ईसीयू गाडीला होता होईल तो सहाव्यात ठेवतो, त्यात हलक्या लोडवर हे इंजिन इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटवून ॲटकिन्सन सायकलवर चालतं, तेही मायलेजसाठीच. हा दोष नाही, मायलेजचा हिशोब आहे, आणि सपाटीला तो बरोबरच आहे. पण चढ लागला की १,७०० ला दम पुरत नाही, तुम्ही पाय दाबता, गाडी पाचव्यात येते, तेही पुरत नाही, मग खण्णकन चौथ्यात, इंजिन २,९०० ला ओरडतं, स्पीड सावरते, तुम्ही पाय जरा सैल करता आणि ती परत पाचवा टाकते, आणि दोनशे मीटरवर परत तेच. याला गियर हंटिंग म्हणतात. आपल्याकडे एसटीचा मुरलेला ड्रायव्हर कशेडी घाटाच्या पायथ्यालाच गियर टाकून घ्यायचा आणि माथ्यापर्यंत तोच धरून ठेवायचा, कारण पुढचा रस्ता त्याला दिसत असायचा. गियरबॉक्सला पुढचा रस्ता दिसत नाही, त्याला दिसतं फक्त पेडल, स्पीड आणि लोड.

इथेच डबी आणि ट्यूनमध्ये जास्त गोंधळ होतो, कारण गियर पाडायचा निर्णय पण पेडलच्या सिग्नलवर होतो. डबी लावली की गाडीला वाटतं तुम्ही जोरात दाबलंय, म्हणून ती गियर लवकर पाडते, आणि माणूस म्हणतो हंटिंग गेलं, ट्यूनसारखंच झालं. खोटं नाही ते, पण अर्धंच आहे. टेबलं तीच जुनी असतात, तुम्ही फक्त त्यांच्यातली वेगळी ओळ वाचायला लावताय. ट्यूनमध्ये ती टेबलंच नव्याने लिहिलेली असतात, चढावर चौथा धरून ठेव, लगेच पाचवा टाकू नको, असं.

फरक डोळ्याने बघायचाय तर क्रूझ कंट्रोल लावा. मी हे डेन्व्हरजवळच्या गोल्डन गावाच्या पुढच्या चढावर करून बघितलंय, आधी माझ्या डबीवाल्या गाडीत आणि मग मित्राच्या ट्यून केलेल्या टॅकोमात, दोन्ही क्रूझवर ६५ ला. क्रूझवर तुमचा पाय पेडलवर नसतोच, म्हणजे डबीला वाढवून सांगायला काही निरोपच नाही, ती नुसती लटकलेली. माझ्या गाडीने कंपनीतून आल्यासारखं खाली-वर खाली-वर चालू ठेवलं, डबीवरचा स्पोर्ट मोडचा लाल दिवा तसाच लागलेला असताना. मित्राच्या गाडीने एकदा चौथा टाकला आणि तो माथ्यापर्यंत सोडला नाही. डबी आणि ट्यून एकच, असं म्हणणाऱ्याला मी आता वाद घालत बसत नाही, क्रूझ लावून एक चढ चढून ये म्हणतो.

डबीच्या बाजूने पण बोलायला पाहिजे. ज्याला फक्त पेडल मऊ, आळशी वाटतं, निघताना उगीच खोल दाबावं लागतं असं वाटतं, त्याच्यासाठी ती पुरेशी आहे, आणि नाही आवडली तर कनेक्टर परत लावला की गाडी जशीच्या तशी. बर्फात मात्र मला ती त्रासदायक वाटली, पार्किंगमधून हळूच निघायचं असतं तेव्हा अंगठ्याएवढ्या दाबाला मागची चाकं फिरायला लागतात. बऱ्याच डब्यांमध्ये इको मोड असतो, तो पेडल उलट संथ करतो, आणि खडकाळ वाटेवर पाय हिंदकळत असताना तो मला स्पोर्टपेक्षा कितीतरी उपयोगी वाटला.

ट्यूनचं दुसरं मोठं प्रकरण पेट्रोलचं. इथे कोलोरॅडोत पंपावर ऑक्टेनची तीन बटणं असतात, ८५, ८७ आणि ९१ (आकडा जास्त तितकं पेट्रोल आपोआप पेटायला अवघड), आणि रेग्युलर म्हणून जे सगळ्यात स्वस्त मिळतं ते ८५ असतं. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांना विरळ हवेत ते चालून जायचं, तीच पद्धत राहिली. टॅकोमाच्या मॅन्युअलमध्ये कमीत कमी ८७ लिहिलंय. (भारतातल्या वाचकांसाठी, इथला ८७ म्हणजे आपल्या मोजणीने साधारण ९१ आरओएन, इथे आकडा काढायची पद्धत वेगळी आहे.) आता ९१ ची ट्यून फाइल टाकली आणि घाईत किंवा पैसे वाचवायला ८५ भरलं तर काय होतं, स्पार्क लवकर पडतो, पेट्रोल ते सहन करत नाही, नॉकिंग सुरू होतं, म्हणजे ते भलत्या वेळी आपोआप पेटतं, नॉक सेन्सर ते ऐकतो आणि ईसीयू टायमिंग मागे खेचतो. म्हणजे ट्यूनचे पैसे देऊन ताकद गमावली, कधी कधी कंपनीच्या सेटिंगपेक्षाही कमी मिळते, आणि चढावर लोडखाली हे वारंवार झालं तर पिस्टनची काळजी वाटावी अशी गोष्ट आहे. डबीला या सगळ्याशी देणंघेणं नाही. म्हणून ट्यून करायचीच असेल तर तुम्ही रोज खरोखर जे पेट्रोल भरता त्याचीच फाइल मागा. घरात एकच माणूस गाडी चालवत नसेल तर ८७ वालीच मागा.

आणि कायद्याचं. डबी इंजिनाच्या सॉफ्टवेअरला हात लावत नाही. ट्यून लावते, आणि अमेरिकेत क्लीन एअर ॲक्टखाली प्रदूषण नियंत्रणात छेडछाड करायला बंदी आहे. कॅलिफोर्नियात २०२१ च्या जुलैपासून स्मॉग चेकमध्ये, म्हणजे धुराच्या तपासणीत, गाडीचं सॉफ्टवेअरच वाचतात, कंपनीचं किंवा मंजूर केलेलं नसेल तर गाडी नापास. मंजुरी मिळालेल्या पार्ट आणि फाइलना कार्बचा (कॅलिफोर्नियाच्या हवा-प्रदूषण मंडळाचा) एक्झिक्युटिव्ह ऑर्डर नंबर असतो, तो विकणाऱ्याकडे सरळ मागायचा, आणि तो विषय बदलायला लागला तर समजून जायचं. वॉरंटीचं म्हणाल तर १९७५ च्या कायद्याने नुसती ट्यून आहे म्हणून सगळी वॉरंटी उडवता येत नाही, बिघाड तिच्यामुळे झाला हे दाखवावं लागतं, पण ईसीयू पुन्हा लिहिलेला असेल तर ते सर्व्हिस सेंटरला बघता येतं आणि गियरबॉक्स गेल्यावर तो वाद घालण्यात महिने जातात.

भाच्याने शेवटी विचारलं, मग मामा तुमच्या गाडीत आता काय आहे? काहीच नाही. डबी काढून गॅरेजमधल्या खोक्यात ठेवलीये. चढ सुरू व्हायच्या आधी गियर लिव्हर एस वर घेतो आणि ४ वर आणतो, म्हणजे गाडी चौथ्याच्या वर जातच नाही, २,९०० ला एका सुरात बोगद्यापर्यंत चढते. शिवाय डॅशवर ईसीटी पॉवर म्हणून बटण आहे, ते दाबलं की ती गियर जरा जास्त वेळ धरते, तेही कंपनीचंच, फुकटचं. कितीतरी टॅकोमावाल्यांनी ते बटण कधी दाबलेलंच नसतं. पुढेमागे ३३ इंची टायर टाकले तर ट्यूनच्या आधी ॲक्सलचे गियर ४.८८ चे करून घेईन, कारण टायर ८ टक्के उंच झाले तरी ॲक्सल २५ टक्के जास्त जोर देतो, आणि तो जोर हवा विरळ असली तरी चाकापर्यंत पोचतो.